समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरात: पैशाचा हिशेब आणि मताची मोकळीक

१८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्याच्या सभेत शरद पवार भर पावसात बोलत राहिले आणि त्या भाषणाची चित्रफीत बघता बघता महाराष्ट्रभर फिरली. असंख्य लोकांनी ती आपापल्या फोनवरून, कोणी कौतुकाने तर कोणी टीका करण्यासाठी, पुढे पाठवली. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती आणि लागूही नये. आता असे समजा की तीच चित्रफीत एखाद्याने आपल्या फेसबुक पेजवर टाकली, तिच्याखालचे ‘बूस्ट’चे बटण दाबले, दोन हजार रुपये भरले आणि ती कोरेगाव तालुक्यातील १८ ते ३५ वयाच्या लोकांनाच दाखवावी अशी सूचना केली. चित्र तेच आणि आवाजही तोच, पण आता ती राजकीय जाहिरात झाली. तिला पूर्वप्रमाणन, म्हणजे दाखवण्यापूर्वी निवडणूक यंत्रणेची मंजुरी लागते, तिच्यावर पैसे देणाऱ्याचे नाव लागते आणि ती रक्कम उमेदवाराच्या खर्चात धरली जाते.

या एका फरकावर पुढचे सारे मार्गदर्शन उभे आहे. साताऱ्यात निवडणुकीच्या काळात उमेदवारांच्या खर्चाच्या नोंदी लिहिण्याचे काम मी काही वर्षे केले. त्या काळात दोन्ही टोकांचे गैरसमज वारंवार भेटले. काही कार्यकर्त्यांना वाटते की फोनवरचा प्रचार फुकट असतो आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही. काही साध्या नागरिकांना वाटते की आचारसंहिता लागली म्हणजे आपण फेसबुकवर राजकीय मत लिहिणेच गुन्हा आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दुसरा माझ्या मते अधिक घातक आहे, कारण त्यामुळे माणसे विनाकारण गप्प बसतात.

पहिली पायरी: समोर आहे ते मत आहे की जाहिरात, हे ठरवा

भारत निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ रोजी समाजमाध्यमांविषयी सविस्तर सूचना काढल्या. समाजमाध्यम हे इलेक्ट्रॉनिक माध्यमच आहे, म्हणून दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींचे नियम तेथील जाहिरातींनाही लागू होतात, हा त्यांचा गाभा आहे. मात्र स्वतःच्या खात्यावर किंवा ब्लॉगवर टाकलेला मजकूर, छायाचित्र, चित्रफीत किंवा प्रतिक्रिया ही राजकीय जाहिरात मानली जाणार नाही आणि तिला पूर्वप्रमाणन लागणार नाही, असेही आयोगाने पुढे स्पष्ट केले. हे स्पष्टीकरण प्रत्येक कार्यकर्त्याने आणि प्रत्येक नागरिकाने ध्यानात ठेवावे, कारण मोकळेपणाची सीमारेषा तिथे आखलेली आहे.

म्हणून कोणतीही पोस्ट समोर आली की प्रथम विचारावे: ती लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून कोणी कोणाला पैसे किंवा पैशाच्या मोलाचे काही दिले आहे का? फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबला पैसे दिले असतील तर उत्तर सोपे आहे. अडचण येते ती स्थानिक पेजेसच्या बाबतीत. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या नावाने बातम्यांची, विनोदाची, गड-किल्ल्यांची पेजेस आहेत आणि त्यांचे अनुयायी हजारोंच्या संख्येने आहेत. निवडणूक आली की अशा पेजच्या चालकाला रोख रक्कम देऊन पाच रील टाकून घेतल्या जातात. फेसबुकच्या हिशेबी ही जाहिरात नसते, कारण फेसबुकला पैसे मिळालेलेच नसतात. फेसबुकच्या सार्वजनिक जाहिरात संग्रहात ती दिसत नाही, तिच्यावर नाव नसते आणि पाहणाऱ्याला ते पेजचालकाचे स्वतःचे मत वाटते. माझ्या अनुभवात सर्वाधिक पैसा याच वाटेने जातो. पेज चालवणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की पैसे घेतले असतील तर पोस्टवर तसे लिहा, बिल द्या, आणि उमेदवाराचे लेखी अधिकारपत्र व प्रमाणन क्रमांक मिळाल्याशिवाय पोस्ट टाकू नका.

व्हॉट्सॲप गटातील चर्चा ही जाहिरात नव्हे. मात्र एखाद्या संस्थेला पैसे देऊन हजारो क्रमांकांवर संदेश किंवा ध्वनिमुद्रित फोन पाठवले तर तो प्रचाराचा खर्च ठरतो. गटाच्या ॲडमिनना एक दिलासा आहे: गटातील सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू किंवा पूर्वनियोजन असल्याखेरीज, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

दुसरी पायरी: मतदारसंघ नीट आखा

ही पायरी बहुतेक मार्गदर्शनांत नसते, पण आपल्या भागात ती टाळता येत नाही, कारण येथे जिल्ह्याची हद्द आणि लोकसभा मतदारसंघाची हद्द एक नाही. सातारा जिल्ह्यातील फलटण आणि माण हे विधानसभा मतदारसंघ माढा लोकसभेत येतात. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर आणि शिराळा हातकणंगले लोकसभेत येतात. जाहिरात लावताना ‘सातारा जिल्हा’ किंवा ‘सांगलीभोवती ४० किलोमीटर’ अशी निवड केली, तर पैसा दुसऱ्या मतदारसंघात सांडतो. पुढे खर्चाची विभागणी कशी करायची हा वादही उभा राहतो. गावे किंवा पिनकोड निवडून जाहिरात लावावी आणि त्या निवडीचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी जपून ठेवावेत.

तिसरी पायरी: पूर्वप्रमाणन मिळवा

एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेमिनी टीव्ही प्रकरणात राजकीय जाहिरातींना प्रसारणापूर्वी प्रमाणन सक्तीचे केले, तेथून ही पद्धत सुरू झाली. जिल्हा स्तरावर हे काम माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती करते. तिला सगळे एमसीएमसी म्हणतात. नोंदणीकृत राष्ट्रीय व राज्य पक्ष आणि निवडणूक लढवणारे उमेदवार यांनी प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा असतो, इतरांनी किमान सात दिवस आधी.

अर्जासोबत जाहिरातीच्या दोन प्रती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आणि तिच्यातील बोललेल्या व लिहिलेल्या मजकुराची साक्षांकित संहिता लागते. निर्मितीचा खर्च, प्रसारणाचा अंदाजित खर्च, जाहिरात कोणत्या उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या लाभासाठी आहे, आणि पैसे धनादेशाने किंवा धनाकर्षाने दिले जातील, हेही लिहून द्यावे लागते. अर्जदार पक्ष किंवा उमेदवार नसेल, तर ही जाहिरात कोणत्याही पक्षाच्या वा उमेदवाराच्या लाभासाठी नाही आणि त्यांनी तिला पैसे दिलेले नाहीत, असे शपथपूर्वक सांगावे लागते.

इथे सर्वाधिक चूक होते ती संहितेत. चित्रफितीत उमेदवार ग्रामीण बोलीत बोलतो आणि संहिता प्रमाण मराठीत, सुधारून लिहिलेली असते. समिती दोन्ही ताडून पाहते आणि अर्ज परत येतो. जे शब्द उच्चारले तेच लिहावेत. दुसरी चूक म्हणजे प्रमाणन मिळाल्यावर चित्रफितीत ‘थोडासा’ बदल करणे. शेवटचे वाक्य बदलले, नवे गाणे टाकले, तीस सेकंदांची पंधरा सेकंदांची केली, तर ती नवी जाहिरात झाली असे समजून नवा अर्ज करावा. म्हणूनच एका चित्रफितीच्या लांब, आखूड, उभ्या आणि आडव्या अशा सर्व आवृत्त्या एकाच वेळी सादर करणे शहाणपणाचे असते.

अर्ज नाकारला गेला तर तोंडी उत्तरावर थांबू नये. कारण लेखी मागावे. जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध राज्यस्तरीय समितीकडे दाद मागता येते. ‘ही जाहिरात फार टीका करते’ हे नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही; आदर्श आचारसंहिता धोरणांवर, कार्यक्रमांवर आणि पूर्वीच्या कामगिरीवर टीका करायला मोकळीक देते आणि खासगी आयुष्यावरील हल्ले, असत्यापित आरोप व जातीधर्माच्या नावाने केलेले आवाहन यांना मनाई करते. अपील लिहिताना हाच फरक धरून, आपले प्रत्येक वाक्य कोणत्या बाजूला बसते हे दाखवावे.

नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात. त्यांचे आदेश व खर्चमर्यादा वेगळ्या असतात, म्हणून विधानसभेच्या वेळची कागदपत्रे डोळे झाकून न वापरता त्या निवडणुकीचे आदेश निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून घ्यावेत.

चौथी पायरी: प्लॅटफॉर्मची पडताळणी आधीच उरका

फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाने फेब्रुवारी २०१९ पासून भारतात राजकीय जाहिरातदारांची ओळख व पत्ता तपासणे आणि जाहिरातीवर पैसे देणाऱ्याचे नाव दाखवणे सक्तीचे केले. गूगल तर आयोगाच्या अधिकृत यंत्रणेचे पूर्वप्रमाणपत्र प्रत्येक जाहिरातीसाठी मागते. या पडताळणीला काही दिवस जाऊ शकतात. उमेदवारी अर्ज भरून झाल्यावर तिची सुरुवात केली तर प्रचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. जाहिरातीवर जे नाव दिसणार आहे, ते खऱ्या माणसाचे किंवा नोंदणीकृत पक्षाचे असावे. ‘मतदार मित्र’ किंवा ‘जागरूक सातारकर’ अशी हवेतली नावे देऊ नयेत. छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता घालण्याची सक्ती लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७-अ मध्ये आहे आणि ती मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फोनवरच्या जाहिरातीलाही तीच कसोटी स्वतःहून लावावी असे मला मनापासून वाटते.

उमेदवाराला नामनिर्देशनासोबतच्या नमुना २६ मधील शपथपत्रात स्वतःच्या समाजमाध्यम खात्यांचा तपशील द्यावा लागतो. भाच्याने चालवलेले, पण प्रत्यक्षात उमेदवाराचेच असलेले पेज त्यात लिहायचे राहिले, तर पुढे त्रास होतो.

पाचवी पायरी: हिशेब रोज लिहा

विधानसभेसाठी महाराष्ट्रात उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये अशी २०२२ पासून आहे. समाजमाध्यमांच्या खर्चात फेसबुक-गूगलला दिलेले पैसे तर येतातच. शिवाय मजकूर आणि चित्रफिती तयार करण्याचा खर्च आणि ही खाती सांभाळणाऱ्या चमूचे पगार व मानधनही येते. ही शेवटची बाब लोक विसरतात. चार मुले महिनाभर एका खोलीत बसून रील बनवत असतील, तर त्यांचे मानधन, त्या खोलीचे भाडे आणि इंटरनेटचे बिल नोंदवहीत दिसले पाहिजे. रक्कम करासह लिहावी, कारण कंपनीच्या बिलात जाहिरातीची रक्कम आणि कर वेगळे दाखवलेले असतात आणि घाईत केवळ पहिला आकडा उतरवला जातो.

निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. जाहिरातखात्याला त्याच खात्याचे कार्ड जोडावे, म्हणजे बँकेचे विवरण आणि फेसबुकचे बिल आपोआप जुळते. प्रचारकाळात नोंदवही किमान तीन वेळा तपासणीसाठी सादर करायची असते आणि निकालानंतर ३० दिवसांत संपूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. तो दिला नाही, तर लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १०-अ खाली तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते.

वाई भागातील एक प्रसंग सांगतो. एका तरुणाने निव्वळ उत्साहाने, स्वतःच्या कार्डावरून दीड हजार रुपये भरून आपल्या आवडत्या उमेदवाराची रील बूस्ट केली. उमेदवाराला कल्पनाही नव्हती. विरोधकांनी तक्रार केली, तेव्हा कळले की उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या निवडीसाठी जाहिरातीवर खर्च करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे आणि त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आम्ही ती जाहिरात तत्काळ थांबवली, उमेदवाराने रक्कम आपल्या खर्चात दाखवली आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी कळवले. प्रकरण तेथे मिटले, पण तो मुलगा आठवडाभर झोपला नाही.

या कलमाविषयी माझी स्पष्ट तक्रार आहे. त्यातील सवलत फक्त दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला आहे, आणि हा दहा रुपयांचा आकडा १९२० मध्ये जुन्या दंडसंहितेत हे प्रकरण घातले गेले तेव्हापासूनचा आहे. शंभर वर्षांत तो बदलला नाही. शिवाय कलमाचे शब्द एखाद्याला निवडून आणण्यासाठी केलेल्या खर्चाविषयी आहेत. एखाद्याला पाडण्यासाठी केलेल्या खर्चाबद्दल तेथे स्पष्ट शब्द नाहीत. दुसरीकडे, राजकीय पक्षाच्या खर्चाला कायद्यात मर्यादाच नाही. म्हणजे दीड हजार रुपये भरणारा तरुण गुन्हेगार ठरतो, आणि निनावी पेजवरून लाखो रुपयांचा निंदाप्रचार करणारा कायद्याच्या फटीतून निसटू शकतो. नागरिकाला स्वतःच्या नावाने काही हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची खुली, नोंदणीकृत मुभा द्यावी आणि मोठ्या रकमेला कडक प्रकटीकरण लावावे, हा मला न्याय्य मार्ग वाटतो.

सहावी पायरी: शेवटचे ४८ तास

लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या ठरलेल्या वेळेआधीच्या ४८ तासांत, म्हणजे शांतता काळात, दूरचित्रवाणी वा तत्सम साधनांवरून निवडणूकविषयक मजकूर दाखवण्यास बंदी आहे आणि उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाची वेळ संध्याकाळी सहापर्यंत होती, म्हणून १८ तारखेच्या संध्याकाळी सहाला जाहिराती थांबणे आवश्यक होते. मुख्य कंपन्यांनी मार्च २०१९ मध्ये आयोगाला दिलेल्या ऐच्छिक आचारसंहितेत, या काळातील उल्लंघनांवर आयोगाकडून कळल्यापासून तीन तासांत कारवाई करण्याचे मान्य केले आहे.

प्रत्यक्षात चूक घड्याळामुळे होते. जाहिरातखात्याची कालपट्टी भारतीय वेळेवर आहे ना, हे महिनाभर आधी पाहावे. परदेशी कालपट्टीवर उघडलेल्या खात्यात ‘१८ तारीख संध्याकाळी ६’ याचा अर्थ वेगळाच होतो. मुदत घालून निश्चिंत राहू नये. ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी सर्व मोहिमा हाताने बंद कराव्यात आणि बंद झालेल्या मोहिमांचे चित्र वेळेसह जतन करावे. आधी वेळापत्रकात लावून ठेवलेल्या पोस्टही काढून टाकाव्यात.

टप्प्याटप्प्याच्या मतदानात या नियमाची मर्यादा उघडी पडते. २०२४ च्या लोकसभेला सातारा, सांगली, माढा आणि हातकणंगले येथे ७ मे रोजी मतदान झाले आणि पुण्यात १३ मे रोजी. ६ मे रोजी साताऱ्यात शांतता काळ चालू असताना पुण्याचा प्रचार जोरात होता, आणि ‘संपूर्ण महाराष्ट्र’ अशी निवड केलेली जाहिरात कराडच्या मतदाराच्या फोनवरही येऊ शकत होती. म्हणून शेजारच्या टप्प्यासाठी जाहिरात लावणाऱ्यांनी शांतता काळातील मतदारसंघ निवडीतून स्पष्टपणे वगळावेत.

सातवी पायरी: कृत्रिम चित्र आणि आवाज

येथे थोडक्यात सांगतो, कारण नियम सरळ आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली किंवा बदललेली चित्रफीत वापरायचीच असेल, तर ती तशी आहे हे ठळकपणे लिहावे. आयोगाने ६ मे २०२४ रोजी पक्षांना अशी फसवी सामग्री निदर्शनास आल्यापासून तीन तासांत काढण्यास सांगितले, आणि ऑक्टोबर २०२५ च्या सूचनेत दृश्याच्या किमान १० टक्के जागेवर, तर ध्वनिफितीत सुरुवातीच्या १० टक्के वेळात, तसा उल्लेख असावा असे म्हटले. हयात नसलेल्या नेत्याच्या आवाजात उमेदवाराला आशीर्वाद देणारी चित्रफीत बनवण्याचा मोह आपल्या भागात मोठा असतो. तो मोह टाळावा.

आठवी पायरी: मतदार म्हणून माग कसा काढावा

मेटाचा जाहिरात संग्रह, म्हणजे ‘ॲड लायब्ररी’, कोणालाही खाते नसतानाही पाहता येतो. देश म्हणून भारत आणि प्रकार म्हणून सामाजिक मुद्दे, निवडणुका किंवा राजकारण निवडावे. मग पेजचे नाव किंवा मतदारसंघाचे नाव शोधावे. मराठीत आणि इंग्रजी लिपीत, दोन्ही प्रकारे शोधावे, कारण ‘पलूस’, ‘जत’, ‘पाटण’ ही नावे लोक निरनिराळ्या पद्धतीने लिहितात. जाहिरात सापडल्यावर तिचा तपशील उघडला की ती कधी सुरू झाली, कोणी पैसे दिले, अंदाजे किती रकमेच्या टप्प्यात खर्च झाला, किती वेळा दिसली आणि पाहणाऱ्यांचे वय व लिंग कसे होते, हे कळते. राजकीय जाहिराती सात वर्षे तेथे राहतात, त्यामुळे मागची निवडणूकही तपासता येते. गूगलचेही असेच पारदर्शकता केंद्र आहे.

पेजच्या ‘पारदर्शकता’ विभागात ते कधी तयार झाले, पूर्वी त्याचे नाव काय होते आणि ते चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे दिसते. काल ‘पाककृती’ असे नाव असलेले पेज आज एका उमेदवाराची बदनामी करू लागले असेल, तर ते तेथे समजते. पैसे देणाऱ्याच्या जागी अनोळखी नाव असेल, तर दिलेला दूरध्वनी आणि पत्ता खरा आहे का, हे पाहावे.

संग्रहाच्या मर्यादाही जाणाव्यात. खर्च टप्प्यांत दिसतो, नेमका आकडा दिसत नाही. जाहिरात कोठे पोहोचली हे राज्यनिहाय कळते, म्हणून ती शिराळ्यात दिसली की मिरजेत, हे त्यावरून सांगता येत नाही. स्थानिक पेजला हातात दिलेले पैसे तर तेथे येतच नाहीत.

नववी पायरी: तक्रार

प्रत्यक्ष रस्त्यावर दिसणाऱ्या उल्लंघनासाठी ‘सी-व्हिजिल’ ॲप चांगले आहे. त्यावर १०० मिनिटांत कारवाई अपेक्षित असते. मात्र त्यावर जागेवरच टिपलेले छायाचित्र किंवा चित्रफीत लागते, म्हणून फोनच्या पडद्यावरील जाहिरातीसाठी एमसीएमसीकडे किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार अधिक उपयोगी पडते. १९५० या क्रमांकावरही माहिती मिळते. तक्रारीत जाहिरातीचा दुवा, संग्रहातील तिचा ओळख क्रमांक, दिनांक-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट आणि कोणता नियम मोडला, एवढे असावे. ‘ही पोस्ट आवडली नाही’ अशी तक्रार करू नये. नावाशिवाय पैसे, प्रमाणनाशिवाय जाहिरात, शांतता काळातील प्रसारण, उमेदवाराच्या खासगी चारित्र्यावर खोटे विधान, अशा नेमक्या शब्दांत लिहावे.

दहावी पायरी: आपलाच आवाज दाबला गेला तर

कराडजवळच्या टेंभूत जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर आणि लोकमान्य टिळक यांना १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानी प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या प्रसंगाची बरी-वाईट बाजू काहीही असो, त्यात एक गोष्ट स्पष्ट होती: लिहिणारे कोण हे ठाऊक होते आणि छापल्यानंतर त्यांना जाब विचारता येत होता. छापण्यापूर्वी परवानगी घेणे आणि छापल्यानंतर उत्तरदायी असणे यांत मोठे अंतर आहे. पैसे देऊन केलेल्या जाहिरातीसाठी पूर्वप्रमाणन मी मान्य करतो, कारण तेथे पैशाची ताकद बोलत असते. पण तीच पद्धत लोकांच्या साध्या मतांपर्यंत पसरू देता कामा नये.

न्यायालयांनी या बाबतीत भक्कम आधार दिला आहे. १९५६ चा किंमत व पृष्ठ कायदा आणि १९६० चा त्याखालचा आदेश यांनी वर्तमानपत्रांची पाने, किंमत आणि जाहिरातींची जागा नियंत्रित करू पाहिली, तेव्हा पुण्याच्या ‘सकाळ’ने दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो कायदा रद्द ठरवला; केवळ जनहिताचे नाव सांगून अभिव्यक्तीवर बंधन घालता येत नाही, कारण बंधनाची मान्य कारणे सांगणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये ते कारण नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील साध्या मतावरून दोन तरुणींना अटक झाली, त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ २४ मार्च २०१५ रोजी रद्द झाले. सरकारविषयीची माहिती खरी की खोटी हे सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरवायचे, ही तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. दुसऱ्या बाजूने, उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराच्या अनुच्छेद १९(१)(अ) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले, आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द करताना पैशाच्या स्रोतालाही तोच हक्क लावला. पैसे देणाऱ्याचे नाव उघड करायला लावणे हे अभिव्यक्तीच्या विरोधात नाही, ते तिचेच एक अंग आहे, असे मी या आधारावर म्हणतो.

अतिकडक नियमांचा परिणामही पाहावा. युरोपीय संघाचा राजकीय जाहिरात पारदर्शकतेचा कायदा १० ऑक्टोबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या अटी पाळणे कठीण असल्याचे सांगून मेटा आणि गूगल यांनी तेथील राजकीय जाहिरातीच बंद केल्या. लहान पक्ष, अपक्ष उमेदवार आणि सामाजिक प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्था यांचा स्वस्त मार्ग त्यामुळे बंद झाला. माण-खटावच्या पाण्याच्या प्रश्नावर पाच हजार रुपये खर्चून लोकांपर्यंत जाऊ पाहणाऱ्या गावकऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, म्हणजे ते नुकसान कळते.

तुमची स्वतःच्या खात्यावरील, पैसे न देता टाकलेली पोस्ट हटवली गेली तर प्रथम प्लॅटफॉर्मने दिलेली सूचना जपून ठेवावी आणि कारण कोणते दिले आहे ते वाचावे. कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. त्याचा निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. निवडणूक यंत्रणेची नोटीस आली असेल, तर घाबरून पोस्ट पुसून मोकळे होऊ नये, कारण मग पुरावाही जातो. तिची प्रत काढून ठेवावी आणि दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. उत्तरात चार गोष्टी क्रमाने लिहाव्यात: हे खाते माझे स्वतःचे आहे; या पोस्टच्या प्रसारासाठी मी किंवा माझ्या वतीने कोणीही पैसे दिलेले नाहीत आणि बूस्टची नोंद नाही, त्याचा पडद्यावरील पुरावा जोडला आहे; आयोगाच्या स्पष्टीकरणानुसार स्वतःच्या खात्यावरील मजकूर राजकीय जाहिरात मानला जात नाही; आणि या मजकुरातील कोणत्या वाक्याने कोणत्या कलमाचा भंग होतो ते मला लेखी कळवावे. उत्तर समक्ष देत असाल, तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय जिल्हाधिकारी कार्यालयातून बाहेर पडू नये.